दर साडेदहा सेकंदांना एक शोधनिबंध

लोणारचं विवर उल्केनं झालं की ज्वालामुखीनं, हा वाद दीडशे वर्षं चालला आणि त्याचा निकाल तीन पानांत लागला. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या तळ्याची नोंद केली. १८९६ साली अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातल्या विवराची चर्चा करताना लोणारचाही उल्लेख केला आणि दोन्ही विवरं ज्वालामुखीच्या खात्यात टाकली. मग १९७३ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात फ्रेड्रिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् या चौघांचा लेख आला, पृष्ठ ८६२ ते ८६४. विवराच्या तळाशी छिद्र घेऊन काढलेल्या खडकात प्रचंड दाबानं काचेसारखे झालेले फेल्डस्पारचे कण सापडले होते. तसा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही, आघातातच होतो. चंद्राचा आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बसाल्टचा आहे आणि लोणारचं विवरही बसाल्टमध्येच झालेलं. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव जगभरच्या ग्रहविज्ञानाच्या पुस्तकांत जाऊन बसलं.

त्या तीन पानांनंतर लोणारवर कागदाचा जो ओघ सुरू झाला तो आजही चालू आहे. भूरसायन, खडकांचं चुंबकत्व, भूजल, पक्षी, मंदिरस्थापत्य, पर्यटन अशा कितीतरी शाखांनी या तळ्यावर लिहिलं. सूक्ष्मजीवशास्त्राला तर इथलं खारट आणि सामू दहाच्या आसपास असलेलं पाणी म्हणजे खाणच मिळाली. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या जीवशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये इथल्या एका नव्या जिवाणूचं नाव ‘सेसेम्बिया लोनारेन्सिस’ ठेवलं. नावाच्या पहिल्या भागात संस्थेची आद्याक्षरं, दुसऱ्यात आपलं लोणार. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाण्याचे नमुने तपासून हॅलोआर्किया या मीठप्रिय सूक्ष्मजीवांना कारण ठरवलं. त्याच वर्षी लोणार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं, क्षेत्र ४२७ हेक्टर. जगाच्या नकाशावर टाचणीच्या टोकाएवढी जागा, पण तिच्यावर कोणी, कुठे, काय लिहिलं हे एका माणसानं शोधायचं ठरवलं तर त्याच्यापुढे नेमकं केवढं मैदान आहे?

वैज्ञानिक प्रकाशकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१८ च्या अहवालात हिशेब मांडला होता. तज्ज्ञांकडून लेख तपासून घेणारी इंग्रजी नियतकालिकं ३३,१००, इतर भाषांतली ९,४००, आणि त्यांतून वर्षाला ३० लाखांहून अधिक लेख. वर्षाचे सेकंद ३ कोटी १५ लाख ३६ हजार. भागाकार केला तर दर साडेदहा सेकंदांना एक शोधनिबंध येतो. महाविद्यालयातली ४८ मिनिटांची एक तासिका संपेपर्यंत २७४ नवे निबंध जगात जमा झालेले असतात. प्रत्येक लेखाचं फक्त पहिलं पान छापलं आणि कागदाची जाडी एक दशांश मिलिमीटर धरली, तर वर्षाची चळत ३०० मीटर होते. लोणार विवराची खोली साधारण १५० मीटर. म्हणजे दर सहा महिन्यांनी एक लोणार काठोकाठ भरावं, तेही केवळ पहिल्या पानांच्या उंचीनं.

ही झाली एका वर्षाची भर. आजवरचं सगळं एकत्र धरलं तर आकडे अंगावर येतात. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘ओपनॲलेक्स’ या खुल्या संचात लेख, पुस्तकं, प्रबंध मिळून २५ कोटींहून अधिक नोंदी आहेत. त्यांच्या पहिल्या पानांची चळत आडवी टाकली तर ती २५ किलोमीटर भरेल, साधारण बुलढाण्याहून चिखलीपर्यंत. आपल्याकडचे पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’त जमा होतात. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’नं सांभाळलेल्या त्या भांडारात पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. एकेक प्रबंध तीन सेंटिमीटर जाड धरला तर पंधरा किलोमीटर लांबीची मांडणी लागेल. आपल्या विद्यापीठांतल्या कुठल्या इमारतीत ती मावेल?

या पसाऱ्याचा सगळ्यात थक्क करणारा छेद २०१४ मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकानं घेतला. ‘वेब ऑफ सायन्स’ या उद्धरणसूचीत तेव्हा ५ कोटी ८० लाख नोंदी होत्या. त्यांची पहिली पानं एकावर एक रचली तर आफ्रिकेतल्या किलिमांजारो पर्वताच्या माथ्याजवळ पोचतील, इतकी उंची. सगळ्यात जास्त उद्धृत झालेले लेख वर ठेवत आलो, तर हजाराहून अधिक वेळा उद्धृत झालेले १४,४९९ लेख वरच्या फक्त दीड मीटरमध्ये संपतात. पहिले शंभर लेख म्हणजे एक सेंटिमीटर. आणि डोंगराचा खालचा जवळजवळ अर्धा भाग एकदाच उद्धृत झालेल्या किंवा कधीच उद्धृत न झालेल्या लेखांचा. अगदी शिखरावर कोण? प्रथिनांचं प्रमाण मोजण्याची रीत सांगणारा १९५१ चा लाउरी आणि सहकाऱ्यांचा लेख, तीन लाखांहून जास्त उद्धरणं. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना उलगडणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा लेख पहिल्या शंभरात नाही. लोणारचा तो तीन पानी लेख तर वरच्या दीड मीटरमध्येही बसत नाही. दीडशे वर्षांचा वाद सोडवणारं काम या मोजपट्टीवर डोंगराच्या उतारावरच कुठेतरी राहतं. आकडा खरा आहे. त्यावरून कामाची थोरवी ठरवायला गेलं की माणूस फसतो.

कागदाची अशी चळत रचून विज्ञानाची वाढ पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली ती डेरेक डी सोला प्राइस यांनी, तीही सिंगापुरात. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते तिथल्या रॅफल्स कॉलेजात शिकवत होते. ग्रंथालयाची इमारत व्हायची होती, म्हणून लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’चे १६६५ पासूनचे खंड त्यांनी सांभाळायला घरी आणले आणि दहा-दहा वर्षांचे गठ्ठे भिंतीला लावून ठेवले. गठ्ठ्यांच्या माथ्यावरून नजर फिरवली तर भिंतीवर एक वक्ररेषा दिसत होती: आधी हळू, मग झपाट्यानं वर जाणारी. पुढे त्यांनी दाखवलं की विज्ञानाचं साहित्य साधारण दहा ते पंधरा वर्षांत दुप्पट होत आलं आहे. अलीकडच्या, २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासात वाढीचा दर वर्षाला ४.१ टक्के निघाला, म्हणजे दुप्पट व्हायला १७ वर्षं. आज बारावीला असलेली मुलगी पस्तिशीला येईल तेव्हा जगातलं संशोधनसाहित्य आजच्या दुप्पट झालेलं असेल.

ज्याला आपण ग्रंथमिती म्हणतो त्या शास्त्राचा जन्मही ग्रंथपालांच्याच हातून झाला, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. लंडनच्या विज्ञान संग्रहालयाच्या ग्रंथालयात सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांना एक साधा प्रश्न पडला होता. एका विषयावरचे लेख किती नियतकालिकांत विखुरलेले असतात? १९३४ मध्ये त्यांनी उपयोजित भूभौतिकीचं उदाहरण घेतलं, म्हणजे लोणारशी नातं सांगणारंच. १,३३२ लेख, ३२६ नियतकालिकं. त्यांतल्या फक्त ९ नियतकालिकांत ४२९ लेख होते. पुढचे ४९९ लेख मिळवायला ५९ नियतकालिकं चाळावी लागली. आणि उरलेले ४०४ लेख तब्बल २५८ नियतकालिकांत, कुठे एक, कुठे दोन असे पसरलेले. या हिशेबात ग्रंथालयाचं सगळं अर्थकारण आलं. नऊ नियतकालिकांची वर्गणी भरली की एक तृतीयांश विषय हाती येतो. शेवटचा एक तृतीयांश हवा असेल तर पैसा पुरत नाही, तिथे माणूस लागतो. तो २५८ ठिकाणं धुंडाळतो, दुसऱ्या ग्रंथालयाला पत्र लिहितो, वाचकासाठी प्रत मागवतो.

आकड्यांकडे असं पाहणारा ग्रंथपाल आपल्याकडेही होता. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्याआधी शियाळी रामामृत रंगनाथन गणित शिकवत. वाचकाचा वेळ वाचवणं हे त्यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांतलं एक. ग्रंथालयाच्या कामाला संख्याशास्त्र लावायला हवं, हे त्यांनी १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या परिषदेत मांडलं. आज इंग्रजीत रूढ असलेलं ग्रंथमितीचं नाव ॲलन प्रिचर्ड यांनी सुचवलं ते १९६९ मध्ये, म्हणजे रंगनाथन यांच्यानंतर एकवीस वर्षांनी. १२ ऑगस्टला, रंगनाथन यांच्या जयंतीला, आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो. प्रतिमेला हार घालताना त्यांच्यातला गणितीही आठवला पाहिजे.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. उद्धरणं मोजण्याचा खटाटोप मुळात कशासाठी सुरू झाला? माणसांचा क्रम लावायला अजिबात नव्हे. यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये उद्धरण-सूचीची कल्पना ‘सायन्स’मध्येच मांडली. त्यांच्यापुढे नमुना होता वकिलांचा. अमेरिकेत १८७३ पासून फ्रँक शेपर्ड यांच्या सूचीत प्रत्येक न्यायनिवाड्यापुढे नोंद असे की पुढे कोणत्या न्यायालयानं तो उचलला, कोणी फिरवला. फिरवलेला निवाडा आधार म्हणून कोर्टात मांडला तर वकिलाची फजिती ठरलेली. गारफिल्ड म्हणाले की विज्ञानातही असंच हवं. जुना लेख वाचणाऱ्याला त्यावर पुढे कोणी आक्षेप घेतला, कोणी चूक काढली, हे कळायला हवं. त्यांची १९६१ सालची पहिली सूची ६१३ नियतकालिकांची आणि १४ लाख उद्धरणांची होती. चुकीचा लेख बिनबोभाट फिरत राहू नये, ही तिच्यामागची मूळ तळमळ.

लोणारइतकं या तळमळीचं चांगलं उदाहरण मिळणार नाही. विवराचं वय किती? १९९७ मध्ये थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीनं ५२ हजार वर्षं निघालं. २०११ मध्ये आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीनं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. फरक अकरा पटींचा. पहिल्या वयाच्या वेळी माणूस दगडी हत्यारं घेऊन भारतभर हिंडत होता, दुसऱ्याच्या वेळी आपली ही मानवजातच जन्मली नव्हती. तरी आजही कितीतरी लेखांत, पर्यटनाच्या पुस्तिकांत, स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये ५० किंवा ५२ हजार हाच आकडा ठोकून दिलेला दिसतो. जुन्या लेखाला चौदा वर्षं जास्त मिळाली, त्यामुळे त्याची पुनरुक्ती जास्त झाली. नुसती उद्धरणं मोजणारा विद्यार्थी जुन्या वयाकडे ओढला जाईल. उद्धरणांची साखळी पुढे पुढे वाचत जाणारा २०११ ला पोचेल. दोघांपुढे आकडे तेच आहेत. वाचायचे कसे, हे दुसऱ्याला कोणीतरी शिकवलेलं असतं, आणि तो कोणीतरी महाविद्यालयात ग्रंथपालच असू शकतो.

मोजण्याचा हेतू मधल्या काळात पार बदलला. गारफिल्ड यांनी सूचीत कोणती नियतकालिकं घ्यायची हे ठरवायला ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ काढला होता, तो प्राध्यापकांच्या गळ्यात बांधला गेला. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी ‘एच-इंडेक्स’ आणला. एखाद्याचे किमान दहा लेख प्रत्येकी दहादा उद्धृत झाले असतील तर त्याचा एच दहा. इतका सोपा आकडा हातात आल्यावर निवड समित्यांना लेख वाचायची गरज उरली नाही. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१० च्या नियमावलीनं ‘एपीआय’चे गुण आणले. लेखामागे गुण, गुणांमागे बढती. जिथे प्रयोगशाळेत साधं काचसामान मिळवायला खेटे घालावे लागतात, आठवड्याचे तास भरगच्च असतात, तिथल्या शिक्षकांनाही वर्षाला इतके लेख दाखवणं भाग पडलं. बाजारानं ही गरज बरोबर ओळखली. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बोगस नियतकालिकांवरच्या २०१५ च्या अभ्यासानुसार त्यांच्यातल्या लेखांची संख्या २०१० मध्ये ५३ हजार होती, ती २०१४ मध्ये ४ लाख २० हजारांवर गेली. चार वर्षांत आठ पट. नमुन्यातले साधारण एक तृतीयांश लेखक भारतीय होते. मला यात एकट्या शिक्षकाचा दोष दिसत नाही. मोजणाऱ्यानं जे मागितलं तेच त्याला मिळालं.

सावरायचे प्रयत्नही झाले. मे २०१८ मध्ये यूजीसीनं आपल्या मान्य यादीतून एका फटक्यात ४,३०५ नियतकालिकं काढली. २०१९ पासून मान्य नियतकालिकांची नवी ‘केअर’ यादी आली, तिच्या कामात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा मोठा वाटा होता. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं ‘केअर’ यादीही बंद केली. आता काही निकष सुचवले आहेत आणि नियतकालिक बरं की वाईट हे ज्या त्या संस्थेनं ठरवायचं आहे. दिल्लीहून येणारी तयार यादी गेली. निर्णय मलकापूर, मेहकर, चिखली, देऊळगाव राजाच्या महाविद्यालयांच्या टेबलावर आला.

त्या टेबलावर काय चालतं ते जरा जवळून पाहू. महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची, म्हणजे नॅकची तारीख आली की ग्रंथपालाकडे एक एक्सेल शीट येते: शिक्षकाचं नाव, लेखाचं शीर्षक, नियतकालिक, आयएसएसएन, वर्ष, लिंक. आयएसएसएनचे आठ आकडे बहुतेक जण डोळे मिटून उतरवतात. जाणता ग्रंथपाल ते तपासतो. ‘नेचर’चा क्रमांक ००२८-०८३६. पहिल्या सात आकड्यांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ नं गुणायचं आणि बेरीज करायची: ८२. तिला ११ नं भागलं तर बाकी ५. अकरातून पाच गेले सहा, आणि क्रमांकाचा शेवटचा आकडा सहाच आहे. (दहा आला तर तिथे रोमन एक्स असतो.) मनानं रचलेला क्रमांक बहुधा या हिशेबात अडकतो. तरी एवढ्यानं काम संपत नाही, कारण आयएसएसएन ही फक्त ओळख आहे, गुणवत्तेची हमी नाही. खऱ्या नियतकालिकाचाच क्रमांक लावून त्याच नावाची खोटी वेबसाइट उभी करणारेही असतात. मग संपादक मंडळातली माणसं खरंच त्या विद्यापीठात आहेत का, लेख तपासायला किती दिवस घेतले, जुने अंक उघडतात का, असं एकेक पाहावं लागतं. हे काम यंत्र अर्धं करतं, उरलेलं अर्धं अनुभवानं होतं.

दुसरी गुंतागुंत नावांची. बुलढाण्याचं इंग्रजी स्पेलिंग जुन्या गॅझेटिअरमध्ये ‘एच’शिवाय आहे, आता ‘एच’सह. १ मे १९८३ ला स्थापन झालेलं अमरावती विद्यापीठ २००५ पासून संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ झालं. बुलढाण्यासह पाच जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांचं संशोधन त्यामुळे दोन नावांत विभागलं गेलं, शिवाय प्रत्येक महाविद्यालयाच्या नावाची संक्षिप्त रूपं वेगळीच. पाटील आणि देशमुख या आडनावांपुढे दोन आद्याक्षरं लावली तर किती माणसं एकाच नावाखाली येतील, ते वऱ्हाडातल्या कोणालाही सांगायला नको. २०१२ मध्ये सुरू झालेला ‘ऑर्किड’ हा सोळा आकडी ओळखक्रमांक नेमका याच कामासाठी आहे, आणि शिक्षकांना तो काढून देण्याचं काम ग्रंथपालच करतात. जिल्ह्याचं खरं संशोधन किती, हे ही गाठ सोडवल्याशिवाय कळूच शकत नाही.

लोणारचा शोध तर याहून अवघड. इंग्रजीत ‘लोणार’ टाइप केलं की शोधयंत्राला तुम्ही चुकलात असं वाटतं आणि ते ‘ल्युनर’ म्हणजे चांद्रविवरांचे लेख पुढे करतं. ते सगळे सरळ गाळून टाकावेत तर पंचाईत, कारण चंद्रावरच्या विवरांचे लेख लोणारचा दाखला खरोखरच देतात. कोणता लेख ठेवायचा, कोणता टाकायचा, हे सारांश वाचून ठरवणारा माणूस तिथे लागतोच.

या माणसाच्या हाती आज साधनं मात्र आजवर कधी नव्हती एवढी आहेत. ‘एन-लिस्ट’ योजनेत अनुदानित महाविद्यालयानं वर्षाला ५,९०० रुपये भरले की ६ हजारांहून अधिक ई-नियतकालिकं आणि लाखो ई-पुस्तकं खुली झाली. नियतकालिकामागे वर्षाला रुपयासुद्धा पडत नाही, अठ्ठ्याण्णव पैसे पडतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केली: तीन वर्षांना ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३ हजार नियतकालिकं, ६,३०० हून अधिक संस्था, १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक. माणशी वर्षाला १,१११ रुपये होतात. ही योजना सरकारी संस्थांपासून सुरू झाली आहे आणि खासगी संस्थांचा क्रम पुढच्या टप्प्यात आहे. तो टप्पा लवकर यावा, कारण बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात उच्च शिक्षणाचा भार खासगी शिक्षण संस्थांनीच उचललेला आहे.

साधनं आली म्हणून वाचक आपोआप येत नाही. ग्रंथपालाला यूजीसीनं सहायक प्राध्यापकाची वेतनश्रेणी दिली, पण बऱ्याच ठिकाणी त्याच्याकडे अजून स्टॉक व्हेरिफिकेशन आणि गेट रजिस्टर सांभाळणारा म्हणूनच पाहिलं जातं. नॅक, शिक्षकांच्या बढतीची ‘कॅस’ आणि विद्यापीठाची माहितीपत्रकं यांत वर्ष निघून जातं. आकडे भरून द्यायला तो हवा, आकड्यांचा अर्थ सांगायला त्याला कोणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात ग्रंथपालाची तासिका असावी आणि संशोधन समितीत त्याचं मत नोंदवून घेतलं जावं. नियतकालिक निवडायची जबाबदारी त्याच्यावर आलीच आहे, तर अधिकारही त्याच्याकडे यायला हवा.

आणि या जिल्ह्याच्या ग्रंथपालांनी करावं असं एक काम समोर पडलेलं आहे. लोणारवर आजवर जे जे लिहिलं गेलं, त्याची एक संपूर्ण सूची. मोठ्या उद्धरणसूचींना मराठी जवळजवळ दिसतच नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी लोणारला आले होते, ‘लीळाचरित्रा’त लोणार आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त इथल्या क्षाराची, साबण आणि काचेला लागणाऱ्या मालाची नोंद आहे. मराठी मासिकांतले लेख, जिल्ह्यातल्या दैनिकांच्या दिवाळी अंकांतली टिपणं, अमरावती विद्यापीठाला सादर झालेले प्रबंध, हे सगळं त्या २५ कोटींच्या ढिगात एक तर नाही, किंवा असूनही सापडत नाही. लोणारवरच्या लेखनाचा ब्रॅडफर्डचा शेवटचा एक तृतीयांश भाग तो हाच, आणि तो फक्त इथल्या माणसाला सापडेल.

आपल्याकडे याची परंपरा आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि मग १९३८ ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची दोन खंडांत तयार केली, संगणक नसताना, एकेक पुस्तक हातात घेऊन. दाते, काळे आणि बर्वे यांनी केलेली जुन्या मराठी नियतकालिकांची सूची मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयानं छापली. मराठी साहित्याचा इतिहास लिहिणारे आजही दाते-सूचीकडे जातात. त्यांच्या मानानं लोणारचं काम लहान आहे. चार महाविद्यालयांचे ग्रंथपाल, एम.लिब. करणारे काही विद्यार्थी आणि एक सामाईक शीट एवढ्यावर ते सुरू होऊ शकतं, खर्च जवळजवळ काहीच नाही.

शीटमध्ये नेहमीचे रकाने असतीलच: लेखक, शीर्षक, वर्ष, भाषा, मूळ प्रत कुठे मिळेल. त्यांच्या शेवटी शेपर्डच्या सूचीसारखा एक रकाना हवा, या लेखातलं म्हणणं पुढे कोणी बदललं का, याचा. १९९७ च्या वयाच्या नोंदीसमोर त्या रकान्यात २०११ च्या लेखाचा दुवा द्यायचा, आणि सूचीचा पहिला खर्डा सगळ्यात आधी लोणारमधल्या शाळांना आणि वाटाड्यांना पाठवायचा.